आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात गाडी: पद्मिनी ते सेन्सरच्या जमान्यात खान्देशात गाडी कशी सांभाळावी

मे महिना, दुपारचे दोन. पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना अण्णांची प्रीमियर पद्मिनी दोन-तीन आचके द्यायची आणि बंद पडायची. जवळजवळ ठरलेलंच होतं ते. अण्णा शांतपणे उतरायचे, बोनेट उघडायचे, डिकीतला पाच लिटरचा पत्र्याचा डबा काढायचे, जुन्या धोतराचा फडका ओला करायचे आणि इंजिनाला चिकटलेल्या छोट्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. चर्र आवाज येऊन वाफ निघायची. पहिलं पाणी बघता बघता उडून जायचं. दुसऱ्यांदा फडका ओला, तिसऱ्यांदा ओला, तोवर आम्ही पोरं निंबाच्या सावलीत. मग सेल्फ मारला की गाडी चालू.

त्याला व्हेपर लॉक म्हणतात हे मला फार पुढे कळलं. तो पंप इंजिनावरच बसवलेला असायचा. इंजिनाची धग आणि वरून आपलं ऊन, या दोन्हींत पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता यायची नाही. आता पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. ओल्या फडक्याची गरज संपली.

पण त्या फडक्यासोबत एक सवयही गेली, आणि तिची मला खरी काळजी वाटते. जुनी गाडी सारखी कुरकुरायची, म्हणून आपण सारखं बोनेट उघडायचो. आताची गाडी वर्षभर काही बोलत नाही, म्हणून कोणी बघतही नाही. खान्देशात हे महाग पडतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत जातो, काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक असते आणि बोअरचं पाणी क्षारांनी जड. कंपनीचं सर्व्हिसचं वेळापत्रक साऱ्या देशासाठी छापलेलं असतं. ते यावल-रावेरच्या केळीच्या बागेत रोज जाणाऱ्या गाडीसाठी वेगळं छापत नाहीत. ते वेगळं वेळापत्रक आपणच करायचं, आणि ते कसं करायचं हेच या लेखात क्रमाने सांगतो. जुन्या कोणत्या सवयी धरून ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हेही ओघात येईल.

आधी काय होतं, मग काय बदललं

१९५८ पासून २०१४ पर्यंत बनलेली अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी, या दोन गाड्यांवर आपल्याकडची एक अख्खी पिढी गाडी शिकली. अण्णांची वही माझ्याकडे अजून आहे. तिच्यात दर अडीच हजार किलोमीटरला ऑइल, दर हजार-दीड हजाराला ग्रीस, महिन्यातून एकदा प्लग साफ, दोन महिन्यांनी पॉइंट घासून गॅप, अशा नोंदी आहेत. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतले दोन छोटे संपर्क. ते प्रत्येक ठिणगीला उघडझाप करायचे आणि त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या चार-पाच दशांशांइतकी ठेवावी लागायची. झिजले की गाडी पिकअप सोडायची. थंडीत चोक ओढायचा. बॅटरी बसली तर अ‍ॅम्बॅसडरला पुढून हँडल मारायचं, आणि तेही अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडायचा. लाख किलोमीटरच्या आतच इंजिनाचं बोअरिंग, नवे पिस्टन-रिंग, हे लोक धरूनच चालायचे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रोज हात लावायचं काम एकदम कमी झालं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आला, २००० साली शिसं नसलेलं पेट्रोल देशभर झालं. त्याच सुमारास हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज ४ एप्रिल २०१७ मध्ये देशभर, तर स्टेज ६ एप्रिल २०२० मध्ये. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा. प्रत्येक टप्प्यावर गाडीत सेन्सर वाढले आणि आपल्या हाताने जुळवायच्या गोष्टी कमी झाल्या.

आमचे मिस्त्री चाचा, त्यांचं गॅरेज धुळ्याच्या जुन्या आग्रा रोडला होतं. ते लांब पेचकसाची मूठ कानाला लावायचे, टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. कोणत्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे ते सांगून टाकायचे. ते कौशल्य वाया गेलेलं नाही. बेअरिंगची घूं-घूं, लिंक रॉडची खटखट, बेल्टची किंचाळी आजही आधी कानालाच कळते. काच खाली करून, गाणी बंद करून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालवा. ही पहिली धरून ठेवायची सवय.

पायरी १: पुस्तिका काढा, वही घाला

डॅशबोर्डच्या खणातली पुस्तिका बहुतेकांनी प्लॅस्टिकमधून काढलेलीच नसते. ती काढा आणि देखभालीचा तक्ता शोधा. बहुतेक पुस्तिकांत नेहमीच्या तक्त्याजवळ ‘सिव्हिअर कंडिशन’ म्हणून दुसरा तक्ता किंवा टीप असते. धूळ, कडक ऊन, सतत छोट्या फेऱ्या, ओझं, कच्चा रस्ता अशा वापराला ती लागू होते. वाचून बघा, आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्याच तक्त्यात बसतात. तिथे ऑइल, एअर फिल्टर वगैरेंचं अंतर कमी केलेलं असतं. आपलं वेळापत्रक त्यावरून ठरवा.

मग एक साधी वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, ऑइलचा ग्रेड, बिल. मोबाइलवर लिहा हवं तर, पण लिहा. वॉरंटीचा वाद झाला तर हीच वही आणि बिलं कामी येतात. गाडी विकताना एमएच १८ असो, १९ असो की ३९, घेणारा आधी नोंदी मागतो.

पायरी २: पाणी, म्हणजे कूलंट

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण खान्देशात सगळ्यात जास्त इंजिनं याच एका गोष्टीने जातात असं माझं मत आहे.

पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी असायचं. रोज सकाळी झाकण उघडून बघायचं, कमी असेल तर लोटा ओतायचा. त्या इंजिनाला ते चालायचं. आजचं इंजिन बरंच अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्यातल्या पाण्याच्या वाटा अरुंद असतात, आणि ते जास्त तापमानाला, दाबाखाली चालतं. कूलंट म्हणजे ग्लायकॉल आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण. त्याचा उकळबिंदू साध्या पाण्याहून वर असतो. शिवाय त्यात गंज आणि क्षार धरू न देणारी रसायनं असतात. आपल्या बोअरच्या पाण्याने काय होतं ते बघायचं असेल तर अंघोळीच्या जुन्या बंबात हात घाला. आत पांढरा खरखरीत थर लागतो. तोच थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत धरतो.

हे मी वाचून सांगत नाही. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीची कूलंटची बाटली कमी दिसली म्हणून पोराने नळीने पाणी भरलं. मी उभा होतो आणि काही बोललो नाही. पुढच्याही दोन सर्व्हिसला तेच झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, गाडीत पाच माणसं आणि एसी चालू असताना, लाल दिवा लागला. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, गेलं. उतरवलेल्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या खडूने बुजवल्यासारख्या बंद होत्या. बिल एका महिन्याच्या पगाराएवढं झालं.

तेव्हा हे असं करा. सकाळी, गाडी गार असताना बोनेट उघडा. कूलंटची पांढरी पारदर्शक बाटली असते, तिच्यावर ‘लो’ आणि ‘फुल’ अशा खुणा असतात. पातळी दोन्हींच्या मध्ये हवी. पंधरा दिवसांतून एकदा हे बघा, उन्हाळ्यात दर आठवड्याला. कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं तयार मिसळलेलं कूलंट घाला. हिरवं-लाल-निळं बघून ठरवू नका, रंग कंपनीगणिक बदलतात. प्रकार बघा. प्रवासात काहीच मिळालं नाही तर डिस्टिल्ड वॉटर चालेल, ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. बोअरचं मात्र नाही. पातळी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. वरून ओतत बसू नका, शोधून काढा. कूलंट कधी बदलायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. ते जुनं झालं की रंग राहतो, पण गुण जातो.

आणखी एक. आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन गार, लाल म्हणजे फार तापलं. मधलं काही दिसत नाही. म्हणजे लाल दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो.

गाडी तापायला लागली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करून पंखा जोरात ठेवा (अंगाला चटका बसेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघते) आणि सावली बघून बाजूला घ्या. लाल दिवा लागला असेल किंवा वाफ निघत असेल तर सावली शोधत बसू नका, तिथेच थांबवून इंजिन बंद करा. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावू नका. आत पाणी दाबाखाली असतं, झाकण ढिलं झालं की ते उसळून तोंडावर येतं. चाचा असं कोणी करताना दिसलं की लांबूनच ओरडायचे, “तपेल शे भो (तापलीय रे भाऊ), हात नको लावू!” ती ओरड मला अजून ऐकू येते.

पायरी ३: ऑइल

पूर्वी ऑइल जाड असायचं, ४० ग्रेडचं किंवा २०डब्ल्यू-४०. आजच्या इंजिनांना ५डब्ल्यू-३०, काहींना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ लागतं. आपल्याकडे अनुभवी मिस्त्रीही सांगतात, “आपल्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, जाड टाका.” जुन्या इंजिनाबद्दल ते बरोबर होतं. आताच्या इंजिनात ऑइलच्या बारीक वाटा असतात आणि व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबाने हलतं. जाड ऑइल तिथे वेळेवर पोचत नाही. पुस्तिकेत जे दोन-तीन ग्रेड दिले असतील त्यांतलाच घ्या. उन्हाळ्यासाठी जाड ग्रेड चालत असेल तर तेही तिथेच लिहिलेलं असतं.

अंतराचं बोलायचं तर आज बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी साडेसात हजारांवर बदलतो. शेतरस्त्यावर रोज जाणाऱ्याने, किंवा गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या करणाऱ्याने पाच हजारांवर बदलावं. आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघायला शिका. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. काडी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. ते काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं तर लगेच काळं होतं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र पाणी मिसळलंय. गाडी चालू करू नका.

पायरी ४: धूळ

अ‍ॅम्बॅसडरच्या काळात ऑइल बाथ फिल्टर असायचा, धूळ तेलाला चिकटायची, तो धुऊन पुन्हा वापरायचे. आता कागदाचा फिल्टर. तो धुवायचा नसतो. डबा उघडणं सोपं आहे, बहुतेक गाड्यांत चार क्लिपा. दोन-तीन महिन्यांतून एकदा काढा, उजेडाकडे धरून बघा, हळू आपटून धूळ झाडा. हवा मारायची तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब लावला तर कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि मग सगळी धूळ इंजिनात. पुस्तिकेतल्या नेहमीच्या अंतराच्या निम्म्यावर नवा घाला. इतका स्वस्त भाग वाचवण्यात अर्थ नाही.

एसीचा केबिन फिल्टर त्याहून लवकर भरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत, जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीतून आत बघावं. एसीच्या कंडेन्सरवर कापसाची रुई आणि धूळ मिळून चादर पडलेली असते. एसी कमी गार होतो, लोक गॅस भरून घेतात, आणि खरा दोष जागेवरच राहतो. त्याच चादरीमागे रेडिएटर असतो, त्यालाही वारा मिळत नाही. साध्या पाइपाने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर मशीन जवळून मारलं तर त्या पातळ पट्ट्या वाकतात.

प्रेशर मशीनवरून आठवलं: वॉशिंगला गाडी दिली की ‘इंजिन वॉश’ फुकटात करून देतात. नको म्हणा. पद्मिनीत पाणी गेलं तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, काम झालं. आता तिथे कनेक्टर, सेन्सर, कॉइल आणि बऱ्याचदा गाडीचा मेंदू म्हणजे ईसीएमही असतो. ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी पुरतं.

पायरी ५: बॅटरी

सहा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम बहुतेक गाड्यांत संपलं. पण उष्णता बॅटरीचा शत्रू होती आणि आहे. थंड प्रदेशात पाच-सहा वर्षं चालणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत थकते. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज निम्म्यावर आलाय. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. त्याहून फार कमी असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासा.

इथे दोन जुन्या सवयी सोडायच्या आहेत. एक, धक्का मारून गाडी चालू करणं. ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होतच नाही, आणि मॅन्युअल गाडीत न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. दुसरी, अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढणं. जुन्या गाडीत मिस्त्री असं सर्रास करायचे. आज त्या एका झटक्यात ईसीएम जाऊ शकतो.

त्याऐवजी जंपर केबल डिकीत ठेवा. लाल टोक बंद गाडीच्या प्लसला, लालचं दुसरं चांगल्या गाडीच्या प्लसला, काळं चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. चालू झाल्यावर उलट क्रमाने काढा.

पायरी ६: टायर

पूर्वीचे नायलॉनचे, ट्यूबचे टायर हवा कमी झाली की डोळ्याला दिसायचे. लाथ मारून बघायचे लोक, आणि खरंच कळायचं. रेडियल टायर मुळातच बाजूने थोडा फुगलेला दिसतो, त्यामुळे हवा पाच-सहा पीएसआयने कमी असली तरी नजरेला कळत नाही. दोन-अडीचशे रुपयांचा गेज घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी न चालवता मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि भरल्या गाडीसाठी वेगळा आकडाही असतो.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरायची, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, बाजू जास्त तापतात आणि त्यामुळेच तो फुटतो. तसंच धुळे-जळगाव महामार्गावर तापून आलेल्या टायरचा दाब मोजून ‘जास्त झाली’ म्हणत हवा सोडू नका. तापला की दाब तीन-चार पीएसआय चढणारच. स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, बाजूला बारीक तडे दिसतात. तडे दिसले की बदला. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली तर कायद्यानेही टायर संपला, पण पावसाळ्यासाठी मी त्याच्या बऱ्याच आधी बदलतो. स्टेपनीतली हवा विसरू नका.

ब्रेक, आणि घाटातलं न्यूट्रल

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं ऑइल घाटात तापलं की आत वाफ होते आणि पेडल खाली जातं. साधारण दर दोन वर्षांनी बदला, रंग चांगला दिसला तरी.

आमच्या लहानपणी लळिंग घाट उतरताना ड्रायव्हर इंजिन बंद करून गाडी सोडायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं वाचतही असेल. इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोलची फवारणी जवळजवळ बंदच होते, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते. तोरणमाळला ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा.

पायरी ७: पेट्रोल, डिझेल

टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. रिझर्व्हवर महिनोन्‌महिने चालवायची सवय त्याला मारते. उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ते पेट्रोल सोसतील असे बनवलेले आहेत. त्याआधीची गाडी असेल तर पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणाआतल्या स्टिकरवर बघा. मायलेज थोडं घटेल, ते इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असल्यामुळे. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील वर्षातून एकदा तपासून घ्या. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात कमी भरलेल्या टाकीने गाडी महिनाभर उभी ठेवू नका.

स्टेज ६ च्या डिझेल गाडीत डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि मोकळ्या रस्त्यावर धूर पुरेसा तापला की ती जाळून टाकते. जळगाव शहरात घर ते दुकान एवढंच फिरणाऱ्या गाडीत ती वेळच येत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर साठच्या वर, एकसारख्या वेगाने चालवा. डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते डिझेल मिसळल्याचं लक्षण आहे. आणि ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घ्या. ज्याची रोजची धाव पाच किलोमीटरची आहे त्याने नवीन डिझेल घेऊच नये असं मी मित्रांना स्पष्ट सांगतो.

पायरी ८: दिवा आणि स्कॅनर

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा, बाजूला थांबवा. कुठल्या तरी सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि ते पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळेल.

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीचे दोष वाचायचं, सॉकेट असतं. मोबाइलला जोडणारं छोटं उपकरण त्यात लावलं की कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पण कोड फक्त लक्षण सांगतो. पी ०१७१ दिसला की काही जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि दोष निघतो फाटलेल्या रबरी पाइपचा. म्हणून गॅरेजमध्ये दोन गोष्टी मागा: कोड कागदावर लिहून, आणि भाग बदलण्याआधी काय तपासलं ते. काढलेला जुना भाग हातात घ्या. दिवा नुसता ‘इरेज’ करून दिला तर ते काम झालेलं नाही.

आपल्याकडचं वर्षाचं वेळापत्रक

तारखांपेक्षा सण लक्षात राहतात, म्हणून मी सणांना बांधून घेतलंय.

आखाजीच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला: कूलंट, रेडिएटर आणि त्याचा पंखा, एसीचा कंडेन्सर, बॅटरीचे व्होल्ट, टायर. आखाजीला लेकीबाळी माहेरी आणायच्या असतात, भरल्या गाड्या भर उन्हात धावतात. बंद पडायला याहून वाईट वेळ नाही.

मृगाच्या आधी: वायपरचं रबर (उन्हात कडक झालेलंच असतं), ब्रेक, दिवे, टायरची नक्षी. नाल्याच्या पुलावर पाणी असेल तर थांबा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पुन्हा सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. गाडी ओढून गॅरेजला न्या.

दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालतोच. त्याच दिवशी एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बदला आणि बोनेटखाली उंदरांच्या लेंड्या आहेत का बघा. पिकं निघाली की शेतातले उंदीर उबेला इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी दोन-चार दिवस उभी असेल तर चालू करण्याआधी बोनेट उघडायचंच.

आणि हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतात जाल तेव्हा गाडी वाळलेल्या गवतावर, कडब्यावर किंवा पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगाजवळ उभी करू नका. पद्मिनीच्या काळात हा विचार करावा लागत नव्हता. आता गाडीच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि लांबून आलेल्या गाडीत तो काही शे अंशांपर्यंत तापलेला असतो. त्याला गवताची काडी लागली की पेट घेते. मोकळ्या, नांगरलेल्या जागी लावा, बांधापासून चार पावलं दूर, आणि मग वांगी भाजायला बसा.